ऑपरेटरची पाटी

गंगाखेडच्या टेलिफोन ऑपरेटरच्या बोर्डाशेजारी एक पाटी टांगलेली असायची. प्रत्येक नंबरापुढं तो माणूस या घडीला कुठं सापडेल, ते खडूनं लिहिलेलं. कुणी हललं की ऑपरेटर थुंकी लावलेल्या अंगठ्यानं जुनं पुसायचा.

एका सकाळी मी दाढीला बसलो असताना त्यानं मला न्हाव्याशेजारच्या किराणा दुकानात फोन लावून गाठलं. माझ्या अर्ध्या गालाला साबण तसाच.

"वकीलसाब, परभणीहून सासरे बोलायलेत."

"काय झालं?"

"मला ठावं हाय. पर त्यांच्याच तोंडून ऐका!"

मुलगी झाली होती.

तीन महिन्यांनी बायको लेकीला घेऊन घरी आली. आठवडाभर दुपारी आमचा फोन वाजेचना, म्हणून मी तणतणत एक्स्चेंजात गेलो. पाटीवर आमच्या नंबरापुढं लिहिलं होतं, 'बाळ झोपलंय. चारपर्यंत घंटी न्हाई.'