न आलेल्या पैशाची जमा

माझे सासरे हेडमास्तर म्हणून रिटायर झाले, तेव्हा हाती आलेल्या रकमेतले दहा हजार त्यांनी मुंबईच्या एका गुंतवणूक योजनेच्या युनिटांत घातले. आमच्या कोंढ्यात पैसा म्हणजे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरे, नाहीतर पोस्टातले पासबुक. त्यामुळे गावात सासऱ्यांचा, आमच्याकडच्या भाषेत मामाजींचा, वट वाढला. फॉर्म भरताना त्यांनी एका चौकटीत खूण केली होती: लाभांश रोख नको, त्याचे नवे युनिट द्या. त्या एका खुणेने पुढे सात वर्षे माझे डोके उठवले.

मी कॉमर्स शिकलेली सून, म्हणून घरखर्चाची वही माझ्याकडे आली. दर पावसाळ्यात मुंबईहून लिफाफा यायचा. यंदाचा लाभांश इतका, त्यात नवे युनिट इतके. मी शिकल्याप्रमाणे डावीकडे जमेत लाभांश लिहायची आणि उजवीकडे खर्चात तेवढ्याच रुपयांची युनिट खरेदी. पहिल्याच वर्षी मामाजींनी चष्मा लावला.

"सूनबाई, हे आठशे रुपये कोणं आणून देल्ले?"

"कोणी नाही, मामाजी. त्याचे युनिट घेतले."

"आले नाही तं जमेत कायले लिहून राहिली?"

"खर्चातही लिहिलेत ना. आले आणि तिकडेच लागले."

"आलेच नाही तं लागतीन कुठून?"

त्यांनी दोन्ही नोंदी लाल पेन्सिलीने खोडल्या आणि समासात 'चूक' असा शेरा मारला. तीस वर्षांची सवय. मी त्यांना धानाचे उदाहरण दिले. वाट्याने शेत कसणाऱ्या बटईदाराला तुम्ही सांगितले की माझ्या वाट्याचे धान बियाण्याला ठेव, तर तुमचे धान आले की नाही? ते म्हणाले, "ते धान मले डोऱ्यानं दिसते." नवऱ्याकडे तक्रार केली, तर तो जेवता जेवता म्हणाला, "मग लिहू नको ना." त्या दिवशी मला सासऱ्यांपेक्षा नवऱ्याचाच जास्त राग आला.

मी लिहीत राहिले, ते खोडत राहिले.

सात वर्षांनी विहिरीवर मोटार बसवायची ठरली आणि मामाजींनी सगळे युनिट विकले. कराचे विचारायला आम्ही दोघे एसटीने भंडाऱ्याला वकिलाकडे गेलो. वकिलांनी विचारले, "खरेदी केवढ्याची?"

"दहा हजाराची," मामाजी ऐटीत म्हणाले.

वकिलांनी कागदावर वजाबाकी केली आणि नफ्याचा आकडा दाखवला. मामाजींचा चेहरा उतरला. "पण साहेब, मधात मले एक पैसा नाही भेटला!"

"भेटला, गुरुजी. दरवर्षी भेटला आणि तुम्ही त्याचे युनिट घेतले. तीही खरेदीच. ती धरली की नफा कमी होतो. कुठे लिहून ठेवलंय का?"

"अस्सं हाय होय!" मामाजी म्हणाले. एका दमात पटले त्यांना. मी मांडीवर वहीची पिशवी घेऊन बाजूलाच बसले होते. दातओठ खाणे म्हणजे काय, ते मला तेव्हा कळले.

मुंबईचे बरेच कागद सासूबाईंनी पिठाच्या डब्यांखाली घातले होते, त्यामुळे सगळी भिस्त वहीवर. लाल रेघांखालचे माझे आकडे मी खिडकीच्या उजेडात वही तिरपी धरून वाचले. दोन वर्षांच्या नोंदी मामाजींनी इतक्या मन लावून खोडल्या होत्या की काही लागेना. मुंबईला पत्र टाकले. उत्तर यायला अडीच महिने लागले, आणि त्या अडीच महिन्यांत मामाजी रोज मलाच विचारायचे, "काहून, आलं नाही अजून?"

शेवटी हिशेब जुळला. कर नावापुरताच बसला आणि उन्हाळी धानाच्या आत मोटारही बसली. तू बरोबर होतीस, असे मामाजी मला कधीच म्हणाले नाहीत. सासूबाईंना मात्र माझ्या देखत म्हणाले, "आता तिच्या लिहिण्यात मी हात घालत नाही."

तोवर युनिट विकून झाले होते. वहीत लिहायला उरले होते दूध, राकेल आणि पोरांची फी.