चुलीतली करणी

आता कुठून सुरुवात करू, तेच कळत नाही! चहा घ्या, पण घोट गिळून मग ऐका. मागच्या वेळी हे सांगत होतो तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला, अन् शर्ट माझा खराब झाला.

आमच्या दापोऱ्यात करणी, भानामती असल्या गोष्टींवर सगळ्यात मोठ्याने हसणारा माणूस कोण? मीच! कोणाच्या केळीवर करपा आला अन् तो लिंबू-मिरची बांधायला निघाला, की मी पारावर उभा राहून भाषण ठोकणार. "अरे, फवारणी करा, फवारणी! कोणत्या जमान्यात राहता?" लोक बिचारे ऐकून घ्यायचे. ऐकल्याशिवाय मी सोडायचोच नाही ना.

तर माझ्या प्रीतीचा साखरपुडा ठरला. मुलाकडचे लोक बऱ्हाणपूरचे, राजपुऱ्यातले. व्याह्यांचं पहिल्या भेटीतच माझ्याबद्दल मत झालं, की हा माणूस फार गंभीर, मोजकं बोलणारा. हसताय का? थांबा, त्याचं कारण पुढे येतंय. व्याह्यांची फर्माईश एकच होती. जेवणात खापराचे मांडे पाहिजेत.

आता मांडे म्हणजे काही साधी पुरणपोळी नव्हे. पुरण भरलेला गोळा हातांवर फिरवत फिरवत भलामोठा पसरायचा, अन् चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायचा. आमच्या घरात हे एकाच बाईला जमतं, माझ्या थोरल्या भावाच्या बायकोला, सुशीला वहिनींना. त्यांचं घर आमच्या भिंतीला लागूनच. अडचण एवढीच, की प्रीतीसाठी त्यांनी आपल्या बहिणीचा मुलगा सुचवला होता अन् आम्ही तो नाकारला होता. तेव्हापासून त्या माझ्याशी जरा तुटक बोलायच्या. तरी मांडे करायला हो म्हणाल्या.

आदल्या दिवशी सकाळी माझी बायको मंदा म्हणाली, "मागची चूल साफ करून द्या वो. हिवाळ्यापासून तिले कोनी हात नही लावला."

मागच्या अंगणातली ही मातीची चूल. हिवाळ्यात आंघोळीचं पाणी, नाहीतर मांडे, एवढ्यासाठीच पेटते. मी राख उपसायला बसलो. खुरप्याने कोपरा खरवडला, तर टक्कन काहीतरी वाजलं. राख झटकली अन् पाहतो तर काय?

दात!

माणसाचे दात, ओळीने तीन! काळे पडलेले, अन् तारेने आवळून बांधलेले!

खुरपं टाकून मी बसल्या बसल्याच मागे सरकलो. पारावरची सगळी भाषणं कुठल्या कुठे पळाली.

"मंदे!" मी ओरडलो.

मंदा आली, वाकली अन् किंचाळलीच. "मायबाई! मसनवटीतले दात वो हे! तारेनं बांधले म्हंजे माह्या पोरीचं लगनच बांधलं कोनीतरी!"

"असं काही नसतं," हे मी म्हणायला पाहिजे होतं. मी काय म्हणालो? "लिंबू आण."

प्रीती मोबाइल घेऊन बाहेर आली. "पप्पा, आप ही तो बोलते ना, हे सगळं झूठ असतं?"

"दुसऱ्याच्या चुलीत असलं की झूठ. तू घरात जा."

मी चिमट्याने ते दात पत्रावळीवर ठेवले, बाजूला लिंबू कापलं, मिरच्या मांडल्या, भोवती राखेचं रिंगण काढलं. रिंगण गोल यावं म्हणून आधी परात पालथी घालून आखून घेतलं, बरं का! माणसाने भ्यावं, पण नीटनेटकं भ्यावं.

मग डोकं चालायला लागलं. ही चूल माझ्या घराशिवाय कोणाला ठाऊक? कोणाच्या बहिणीचा मुलगा आम्ही नाकारला? झालं! मी भिंतीवरून गर्जना केली.

"वहिनी! बाहेर या! पोरीचं लग्न मोडायला चुलीत दात पुरता?"

वहिनी मांड्यांचं पीठ चाळत होत्या. तशाच पिठाच्या हातांनी आमच्या अंगणात आल्या. आधी त्यांना काही कळेचना. कळलं तेव्हा मटकन खाली बसल्या.

"भाऊजी, प्रीतीले पह्यली आंघोळ म्या घातली. अन् मी तिच्यावर करनी करीन?" त्यांचे डोळे भरून आले. मग पदर खोचून उठल्या. "पीठ तिकडे पडलं हाये. उद्याचे मांडे तुमीच करा."

मला आतून फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? उद्या मांडे नाहीत तर व्याह्यांपुढे नाक कापलं जाणार, हेही दिसत होतं. पण लिंबू कापून बसलेल्या माणसाला माघार घेता येते का? "पुरावा आहे, पुरावा!" म्हणत मी पत्रावळच त्यांच्यासमोर धरली.

वहिनींनी लिंबू बाजूला सारलं, मिरच्या बाजूला सारल्या. दात उचलून पदराने पुसले, उलटेसुलटे केले. मग माझ्याकडे पाहिलं.

"भाऊजी, आ करा."

"काय?"

"आ करा म्हनते ना!"

मी आ केला. वहिनींनी एकदा हातातल्या दातांकडे पाहिलं, एकदा माझ्या तोंडात.

आता ते मघाचं कारण सांगतो. माझे वरचे पुढचे तीन दात नकली, तारेवर बसवलेले. मागच्या हिवाळ्यात चांदनी गावाला रेल्वेगाडीने जाताना खिडकीत मला जोराची शिंक आली. नंतर पाहतो तर तोंडात दात नाहीत. रेल्वेने खाल्ले, असं मी घरी सांगितलं. नवे बसवायचा आळस केला. तेव्हापासून 'स' म्हटलं की माझी शिट्टी वाजते, म्हणून व्याह्यांपुढे ओठ घट्ट मिटून बसायचो. त्यालाच ते गंभीरपणा समजले!

"चांदनीले गेले त्या दिवशी सकाळी ओली लाकडं घालून हीच चूल फुंकू ऱ्हायले होते तुमी," वहिनी म्हणाल्या. "मी म्हटलं फुंकनी घ्या. तर म्हने, माह्या छातीत दम हाये. दम होता वो, दातच ढिले होते!"

मंदा तोंडाला पदर लावून हसत होती. मघाशी हिनेच ते दात मसनवटीतले ठरवले होते!

मी वहिनींचे पाय धरायला वाकलो.

"इथं नही," त्या म्हणाल्या. "आरोप गावाले ऐकवला, मंग माफी पाहुन्यांपुढे. तवाच मांडे भेटतील. तवर हे दात माह्याजवळ." अन् माझे दात त्यांच्या कमरेच्या बटव्यात गेले.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. पहिला मांडा खापरावरून उतरला. वहिनी तो हातात धरून व्याह्यांच्या पानासमोर उभ्या राहिल्या, अन् वाढेचनात. नुसत्या माझ्याकडे पाहत राहिल्या. व्याही मांड्याकडे पाहताहेत, प्रीती माझ्याकडे पाहतेय. काय करता? हात जोडले अन् व्याह्यांसमोर प्रथमच मन मोकळं करून बोललो.

"सुशीला वहिनी, सगळ्यांसमोर सांगतो, संशय घेतला, सपशेल चुकलो!"

वहिनींनी समाधानाने मांडा वाढला. अन् व्याह्यांनी मान वळवून आमच्या स्वयंपाकघराकडे हाक मारली, "अरे, कोई देखो भई! कुकर कब से सीटी मार रहा है, गैस बंद करो!"