अव्वांच्या आवडीचा स्कोन

स्कोन हा छोटा विलायती गोड पाव, अंड्याशिवाय केला तर निव्वळ दगड, असं शाहूपुरीतल्या बेकिंग क्लासच्या बाईंनी ठासून सांगितलं होतं. आणि विद्याश्रीच्या घरात तर गळ्यात लिंग बांधलेली, कट्टर लिंगायत सासू, अव्वा! अंडं उंबऱ्याच्या आत आलंय एवढं कळलं असतं, तरी अव्वांनी अख्खं स्वयंपाकघर धुऊन काढलं असतं. पण हौस दांडगी. शहाण्णव साली एका दुपारी तिनं शेजारच्या बिबीजानकडनं एक अंडं पदराआड आणलं, बेदाणे घालून स्कोन भाजले आणि टरफलं गुपचूप बिबीजानच्याच उकिरड्यावर टाकली.

महिनाभराच्या तापानं अव्वांच्या तोंडाची चव गेली होती. साखर घालून फेटलेली म्हशीच्या दुधाची साय वर थापलेले दोन स्कोन त्यांनी मिटक्या मारत खाल्ले. मग एकदम थबकल्या, गळ्यातल्या लिंगाला हात लावून म्हणाल्या, "ह्यात अंडं न्हाय न्हवं, पोरी?"

"न्हाय की, अव्वा."

पुढं दहा वर्षं, मरेपर्यंत, त्या स्कोन मागत राहिल्या आणि ही अंडं घालत राहिली.

आता अव्वांच्या पुण्यतिथीला त्यांच्या फोटोपुढं ती बिनअंड्याचे स्कोन ठेवते. मेलेल्या माणसाला आणखी किती बाटवायचं?

यंदा नवऱ्यानं, शशिधरनं, त्यातला एक मोडून तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं.

"अव्वाच्या वेळंची चव न्हाय ही. तिच्यासाठी म्हणून जे घालायचीस, ते आता का गं घालत न्हाईस?"