टाकीकडचा कोपरा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत सेक्रेटरी व्हायला कोणी तयार नसतं, म्हणून निवृत्त झाल्यापासून ते लोढणं माझ्या गळ्यात आहे. सगळ्यांची मुलं परदेशी नाहीतर पुण्याला. मागे उरलो आम्ही, गुडघे धरून जिना चढणारे. खेळायला पोर उरलं नाही म्हणून खालची घसरगुंडी आम्हीच काढली आणि तिथे बाक टाकले. अशा इमारतीने गच्चीवर सौर पॅनेल बसवायचं ठरवलं, याचा मला भारी अभिमान. आपण अजून मोडीत निघालेलो नाही, हे मला मुलाला दाखवायचं होतं.

त्या गच्चीवर पूर्वी एप्रिलमध्ये दहा-बारा घरांचे पापड वाळायचे. आता वर जाणाऱ्या फक्त चौथ्या मजल्यावरच्या काकू उरल्या होत्या. मूळच्या मालवणकडच्या, यजमान गिरणीत होते, ते जाऊनही बरीच वर्षं झाली. गावाहून रातांबे आले की काकू ते फोडून साली रसात बुडवायच्या, वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या. आठवडाभर कडक ऊन लागायचं. मग आमसुलांची एकेक बरणी घेऊन त्या घरोघर जायच्या. त्यांच्याकडे येणारंजाणारं कोणी नव्हतं. बरणीच्या निमित्ताने प्रत्येक घरात घटकाभर बसायला मिळायचं.

सभेत मी ठराव भराभर वाचला. कोणी काही बोललं नाही तर 'सर्वानुमते मंजूर' लिहायचं, अशी आमची रीत. शेवटच्या खुर्चीवर काकूंनी हात अर्धा वर केला. तो मी पाहिला. आता म्हातारीचं पुराण सुरू झालं तर चहा गार होईल, असं मनात आलं आणि मी वही मिटली. त्याची मला आजही लाज वाटते.

पॅनेल बसली. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, सगळं उन्हावर चालू लागलं. मी मुलाला फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

काकूंनी रातांबे नेहमीप्रमाणे मागवले होते. खिडकीच्या ग्रिलमध्ये ताटं ठेवून पाहिली, पण तिथे ऊन जेमतेम तासभर. आमसुलांना बुरशी आली. मे संपला तरी कोणाच्या दारात बरणी आली नाही, तेव्हा मला राहवेना. मी त्यांच्याकडे गेलो.

"काकू, चुकलं माझं. तुम्हाला पॅनेल नको होती ना?"

"कोण म्हणता नको?" काकू म्हणाल्या. "बरी हत ती. मी इतक्याच सांगणार होतंय, टाकीकडचो कोपरो तेवढो सोड रे झिला. तर तू वहीच मिटलंस."

कंत्राटदाराच्या नकाशात तो कोपरा मोकळाच होता. फोटोत गच्ची अर्धवट दिसेल म्हणून मीच त्याला तिथे आणखी दोन पॅनेल लावायला सांगितली होती.