एका गाईची दोन माणसं

देवणीला जनावरांचं प्रदर्शन भरतं, त्याच्या नोंदणीचा ऑनलाइन फॉर्म मी बनवलाय. लातूरच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात बसून फॉर्म लई केले, पण हा माझा. कुणी विचारो न विचारो, मी सांगतेच.

त्या प्रदर्शनात आमची गाय दर वर्षी जायची. आमची म्हणजे अर्धलीची. गाय उदगीरच्या एका दुकानदार अप्पांची. चारा, पाणी, शेण, आजारपण माझ्या आईकडं. एक वासरू त्यांचं, एक आमचं. आमच्या भागात अशी जनावरं घरोघर असतात, त्यात कुणाला नवल वाटत नाही. अप्पा माणूस वाईट नव्हेत. पेंडीची पोती न मागता पाठवायचे. पण यादीत मालकाच्या नावाचा एकच रकाना. गाईला बक्षीस लागलं की भोंग्यावर अप्पांचं नाव यायचं, अप्पा पुढं व्हायचे, आईच्या हातातलं दावं घ्यायचे आणि फोटो निघायचा. आई पदरानं गाईच्या पाठीवरची धूळ झटकून बाजूला सरायची. मला तिथंच रडू यायचं, रागानं.

फॉर्मचं काम मिळालं तेव्हा समितीचे अध्यक्ष म्हणाले, "सोपं ठेवा ताई. एक जनावर, एक मालक."

"आणि सांभाळणारं माणूस?"

"त्याचं काय करायचंय? मालकाला ठाऊक असतंय की सगळं."

माझं डोकं सणकलं. पण भांडून काम हातचं घालवायचं नव्हतं. म्हटलं, घ्या, तुमच्या मनासारखा करून देते. करून दिला आणि आधी तपासून बघावा म्हणून ओळखीच्या घरांना लिंक पाठवली. अप्पांनी उदगीरहून फॉर्मात गाय भरली. इकडं आईनं शेजारणीच्या मोबाइलवरून तीच गाय भरली, मालक म्हणून स्वतःचं नाव टाकून! फोन केला तर म्हणते, "मग? रोज उठून शेण मी काढायले, तर गाय कुणाची?"

हाच घोळ घरोघर झाला होता. यादी अध्यक्षांपुढं ठेवली. ते बोट फिरवत फिरवत थांबले.

"अहो, ही तर एकच गाय हाय!"

"मग मालक कोणता खोडू?"

त्यांनी यादी माझ्याकडं सरकवली. मग म्हणाले, "खोडू नका. दोघंबी खरंच सांगायलेत."

"हेच तर मी कवापासून सांगतेय की!"

मग मी सगळं मोडून पुन्हा मांडलं. जनावरं एका टेबलात, म्हणजे नोंदींच्या तक्त्यात. प्रत्येकाची ओळख कानातल्या पिवळ्या बिल्ल्याच्या नंबरानं, म्हणजे तीच गाय दुसऱ्यांदा घुसायला नको. माणसं दुसऱ्या टेबलात. आणि दोघांच्या मध्ये तिसरं टेबल: कोणतं जनावर, कोणतं माणूस, आणि ते त्याचं कोण लागतं, मालक की सांभाळणारं. नातं जनावराच्या ओळीत कोपऱ्यात कोंबून भागत नाही, त्याला स्वतःची जागा लागते. कॉलेजात हे सगळ्यांनाच शिकवतात. आमच्या गोठ्याला ते बसवून दाखवलं मी! एका गाईला दोन माणसं, एका माणसाच्या चार गाई, भावाभावांतला सामाईक बैल, सगळं नीट बसलं. त्या दिवशी ऑफिसात मी एकटीच होते, तरी टाळी वाजवली.

प्रदर्शनाच्या दिवशी आमच्या गाईला पहिलं बक्षीस लागलं. भोंग्यावर बिल्ल्याचा नंबर आला, मग मालक म्हणून अप्पांचं नाव आलं, आणि मग, "सांभाळणारं," म्हणून माझ्या आईचं पूर्ण नाव. आई जागची हलेना. आमच्या गावात तिला अमक्याची बायको नाहीतर माझी आई म्हणूनच हाक मारतात.

"अगं, तुझंच नाव घेतलंय, चल की!" मी तिला ढकललंच.

ती गाय घेऊन मधोमध गेली. अप्पा सवयीनं पुढं आले आणि दाव्यासाठी हात लांबवला. आईनं दावं सोडलं नाही.

"अप्पा, तुमचंबी नाव घेतलंय," ती म्हणाली. "या, त्या बाजूनं उभं ऱ्हावा."

अप्पा हसले आणि गाईला वळसा घालून पलीकडं जाऊन उभे राहिले. तो फोटो माझ्या ऑफिसात टेबलासमोर लावलाय. त्यात दावं आईच्या हातात आहे.