कप्प्यातलं कार्ड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

आखातात, बुदैयाला आमच्या घराजवळ रत्नागिरीकडचे एक शिंपी होते. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. कपडा कधी मिळेल विचारलं की ते "गुरुवारी, इंशाल्ला" म्हणत आणि गुरुवारी तो तयार असे. आमच्या ऑफिसात हाच शब्द काम टाळायला वापरत.

सत्त्याण्णवला आम्ही घरचे चौघं आणि एका मित्राचं कुटुंब, पाठीवर सॅक घेऊन पेरू देश फिरायला निघालो.

"पेरू खायचा असतो, साहेब. फिरायचा कसा?" चाचा म्हणाले. तरी सगळ्या पट्ट्यांना त्यांनी दुहेरी शिलाई मारली आणि माझ्या सॅकला आतून कप्पा शिवला. मग हळूच म्हणाले, "तिथून एक कार्ड टाका माझ्या नावावर."

"इंशाल्ला," मी म्हणालो.

डोंगरातल्या एका गावात कार्ड घेतलं, पत्ताही लिहिला. पोस्ट चार पावलांवर होतं. उद्या टाकू म्हणून राहिलं ते राहिलंच. परतल्यावर चाचांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "टाकलं की. गहाळ झालं असेल."

पुढे सॅकची चेन दुरुस्तीला दिली. कार्ड आतच आहे, हे मी विसरलो होतो. सॅक परत घेताना आठवलं म्हणून कप्पा चाचपला. कार्ड जागेवर होतं आणि कप्प्याची उसवलेली कड नव्याने शिवलेली होती.

"पोस्टाचा काय भरवसा नाय, साहेब," चाचा सुईत दोरा ओवत म्हणाले.

ते कार्ड अजून माझ्याकडे आहे. खरं सांगून ते चाचांच्या हातात द्यायचं बाकी आहे.