फक्कीची चार मजली इमारत

आमच्या शेजारच्या कंट्रोलरकाकांइतका वक्तशीर माणूस मी उभ्या नाशकात पाहिला नाही, आणि वक्तशीरपणाची इतकी कमी गरज उरलेला माणूसही पाहिला नाही. एसटीच्या स्टँडावर वाहतूक नियंत्रक म्हणून सगळी नोकरी काढून ते निवृत्त झाले आणि एकोणीसशे ऐंशीच्या सुमाराला इंदिरानगरात आमच्या शेजारी घर बांधून राहायला आले. येताना स्टँड तेवढा मागे ठेवला, बाकी सगळं बरोबर आणलं. आमच्याकडे कुणी आलं की कुंपणापलीकडून घोषणा व्हायची, "सिन्नरचे पाहुणे वीस मिनिटं उशिरा." काकूंनी चहा आणला की ते कपाच्या आधी घड्याळाकडे बघत. सत्यनारायणाला त्यांच्या घरी गेलं की दारातच "पुढे सरका, आत जागा आहे" सुरू व्हायचं. एकदा आमची आई अशी सरकत सरकत थेट त्यांच्या मोरीत जाऊन पोचली होती.

त्यांच्या ओट्यासमोर एक मोकळा प्लॉट होता आणि प्लॉटला लागून मुंबईचा हायवे. सकाळी सहाला काका इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर खुर्ची टाकत. घोटीची गाडी जाई, इगतपुरीची जाई, आणि प्रत्येक ड्रायव्हर त्यांच्याकडे बघून हात वर करी. काकाही हात वर करत. गाडी आपणच सोडली अशा समाधानानं मग ते खुर्चीत मागे रेलत. काकू म्हणायच्या, त्या हातावर यांचा दिवस जातो. ते अगदी खरं होतं. दिवसभरात दुसरं कुणी त्यांना काही विचारत नसे.

तर त्या प्लॉटवर चार मजली, सोळा फ्लॅटांची इमारत येणार अशी बातमी आली. कॉलनीत तोवर सगळी बैठी घरं. कुणाला पाण्याची काळजी, कुणाला गटाराची, कुणाला वरून आपल्या न्हाणीघरात कोण डोकावेल याची. पालिकेला दिलेल्या अर्जात काकांनी ही सगळी कारणं घातली, फक्त आपल्याला गाड्या दिसणार नाहीत हे घातलं नाही. माझ्या वडिलांनी चेष्टेनं विचारलं की कंट्रोलरसाहेब, पन्नासच्या गाडीत तुम्ही ऐंशी माणसं कोंबलीत, आता सोळा बिऱ्हाडांना काय घाबरता?

"गाडीतली माणसं उतरायची हो," काका म्हणाले. "ही उतरणार नाहीत."

अर्ज वाचून पालिकेचे एक साहेब रविवारी जागा बघायला येतो म्हणाले. सरकारी माणूस रविवारी येतो म्हणाला तिथंच शंका यायला हवी होती. पण काका कामाला लागले. कागदावरची दाटी साहेबांना कळायची नाही, ती डोळ्यांनीच दिसली पाहिजे, असं त्यांचं मत. त्यांनी प्लॉटवर मैदान आखायच्या पांढऱ्या फक्कीनं सोळा फ्लॅट आखले. चार मजले एकावर एक आखता येईनात म्हणून शेजारी शेजारी आखले आणि मधून फक्कीचाच जिना काढला. भरायला माणसं हवीत म्हणून सटाण्याकडचा आपला अख्खा गोतावळा पहिल्या गाडीनं बोलावून घेतला. काकांनी बोलावलंय म्हणजे लग्नच असणार, असं समजून मंडळी फेटे बांधून आणि नवी लुगडी नेसून आली. काकांनी शिट्टी मारत त्यांना फ्लॅटवार बसवलं. मी एकटा जीव म्हणून मला तिसऱ्या मजल्यावर भाडेकरू केलं. तळमजल्यावरची एक म्हातारी शेजारची रेघ ओलांडून थेट पहिल्या मजल्यावर पाय टाकू लागली, तर "भिंत आहे तिथं, जिन्यानं या" म्हणून काकांनी तिला सगळा प्लॉट फिरवून आणलं. तासाभरात दोन जावांचं स्वयंपाकघराच्या रेघेवरून कडाक्याचं भांडण झालं. काकांना कोण आनंद झाला. दाटीचे परिणाम दिसू लागले, असं ते कॉलनीत घरोघर सांगून आले.

साहेब आलेच नाहीत. आला तो बिल्डर. आपल्या न बांधलेल्या इमारतीत माणसं राहायला आलेली बघून तो आधी चरकला, मग मुकाट्यानं जिन्यानं वर आला, आणि त्यानं सगळ्यांसाठी चहा मागवला. दुपारपर्यंत मंडळी आपापल्या फ्लॅटात इतकी रुळली की उठायला तयार होईनात. काकांच्या थोरल्या मेहुण्यांनी तर भिंतीच्या रेघेला डोकं लावून झोप काढली. जागे झाल्यावर त्यांनी काकांना बाजूला घेतलं.

"दाजी, जागा चांगली शे. पोऱ्याले कालेज बी जवळ शे. हाऊ फ्लॅट मालेच ऱ्हाऊ द्या."

उन्हं कलायच्या आत सोळापैकी अकरा फ्लॅट काकांच्या नातेवाइकांनी ठरवून टाकले. बिल्डर काकांच्या पाया पडून गेला.

दीड वर्षात इमारत उभी राहिली. पाणी खरोखरच कमी पडू लागलं, पण तक्रार कुणाविरुद्ध करायची? सगळे घरचेच. सकाळी गॅलऱ्यांमधून "दाजी, राम राम"चा पाऊस पडे. काका सहाला इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसतच होते, समोरच्या भिंतीकडे बघत. पलीकडून गाडीचा आवाज आला की त्यांचा हात अर्धवट उचलला जाई आणि पुन्हा खाली येई. पहिले काही दिवस मला ते बघून हसू यायचं. नंतर मी त्या वेळी बाहेर यायचंच टाळू लागलो.

एकदा मेहुण्यांनी फारच आग्रह केला म्हणून काका त्या इमारतीच्या गच्चीवर गेले. सोबत मी होतो. वरून हायवे पार लांबपर्यंत दिसत होता. काका कठड्याशी हात वर करून उभे राहिले. घोटीची गेली, इगतपुरीची गेली.

"दिसतात रे सगळ्या," उतरताना ते म्हणाले. "पण एवढी मान वर करून कोण बघणार? त्यांना गाडी चालवायचीय."

मी म्हटलं, काका, त्यापेक्षा रोज सकाळी रस्त्याच्या कडेलाच जाऊन उभे राहत जा की. चार पावलांवर तर आहे.

"तिथून हात केला तर ते गाडी थांबवतील," काका म्हणाले. "आणि विचारतील, साहेब, कुठं जायचंय? मग काय सांगू?"

मला फार वाईट वाटलं. पलीकडून गाडीचा आवाज आला, तेव्हा काकांनी जिन्यातच थांबून घड्याळ बघितलं.